कॅमेऱ्यांचं नावही नसलेला पर्याय युक्तिवादाला बळ कसं देतो?

प्रश्न
एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. ऑगस्ट २०२४पासून लॉजिक गेम्स (तर्काची कोडी) गेले आणि गुण धरले जाणारे लॉजिकल रीझनिंगचे (युक्तिवाद तपासण्याचे) विभाग दोन झाले, त्यामुळे युक्तिवाद बळकट करण्याचे प्रश्न सोडून भागत नाही. आमच्या अभ्यासगटात एकीने रचलेला प्रश्न:

एका रस्त्यावर वेग टिपणारे कॅमेरे बसवले. पुढच्या वर्षी तिथले अपघात कमी झाले. म्हणजे कॅमेऱ्यांमुळेच अपघात घटले. खालीलपैकी कशाने या युक्तिवादाला बळ मिळेल?

अ) कॅमेरे वेग अचूक मोजतात.
ब) त्या रस्त्यावरची वाहतूक दोन्ही वर्षी सारखीच होती.
क) बहुतेक चालकांना असे कॅमेरे योग्य वाटतात.

उत्तर ‘ब’ दिलंय. पण ‘ब’मध्ये कॅमेऱ्यांचा उल्लेखच नाही! शिवाय त्या वर्षी पाऊस कमी पडला असेल तर? मग सिद्ध काय झालं?

उत्तर
सिद्ध काहीच झालं नाही, आणि व्हायला नकोच. प्रश्नात ‘बळ मिळेल’ म्हटलंय. निष्कर्ष आधीपेक्षा जरा जास्त पटला, की काम झालं.

मी हा विषय शिकवतो आणि विद्यार्थ्यांना पर्यायांकडे बघूच देत नाही. आधी विचारतो: पुरावा कुठे संपतो आणि निष्कर्ष कुठे उडी मारतो? इथे पुरावा एवढाच, की आधी कॅमेरे आले, मग अपघात घटले. उडी आहे ‘मुळे’ या शब्दात. त्या उडीखाली दुसरी कारणं दडलेली असतात: गाड्याच कमी झाल्या, रस्ता रुंद झाला, पाऊस कमी पडला. ‘ब’ त्यातलं एक कारण काढून टाकतो. पाऊस शिल्लक राहतो, राहू दे.

‘अ’ ओळखीचा शब्द दाखवून ओढतो. पण वेग अचूक मोजला गेला म्हणून चालकांनी गाडी हळू चालवली, हे त्यातून येत नाही. ‘क’ तर मतांबद्दल आहे, अपघातांबद्दल नाही.

प्रश्नकर्ती
पटलं. मग पर्याय नाकारून बघायचा, युक्तिवाद कोसळला तर तोच बरोबर, असं चालेल?

उत्तर
नाही, इथे जपून! ती कसोटी आवश्यक गृहीतक, म्हणजे ज्यावाचून युक्तिवाद उभाच राहत नाही ते, शोधण्याची. ‘ब’ नाकारा: वाहतूक सारखी नव्हती. म्हणजे ती वाढलीही असेल, आणि गाड्या वाढूनही अपघात घटले असतील तर निष्कर्ष उलट आणखी भक्कम होतो. ‘ब’ आवश्यक नाही, तरी बळ देतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नकाराच्या कसोटीच्या भरवशावर बसलेले विद्यार्थी नेमका बरोबर पर्याय खोडतात.

‘सर्व’, ‘नेहमी’ असे ठाम शब्द दिसले म्हणूनही इथे पर्याय खोडू नका. पर्याय खरा मानूनच चालायचं असतं, त्यामुळे ठाम विधान बहुधा जास्तच उपयोगी पडतं.

आणखी एक उत्तर
वरच्यात भर: ‘एक वगळता बाकी सर्व बळ देतात’ असा प्रश्न आला, तर उत्तराने युक्तिवाद कमकुवत केलाच पाहिजे असं नाही. नुसता असंबद्ध पर्यायही उत्तर असू शकतो. ‘क’सारखा.