न्यू जर्सीत घर घेताना रेडॉनची चाचणी: गरज की धंदा?

जांभ्याचा_माणूस: हंटर्डन काउंटीत घर पसंत केलंय. इन्स्पेक्शनवाला रेडॉनच्या (मातीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) चाचणीचे दीडशे डॉलर वेगळे मागतोय. बायको म्हणते, आई-बाबा आले की सहा महिने बेसमेंटमध्येच राहणार, चाचणी करूच. मला हा निव्वळ धंदा वाटतो. कोकणातल्या घरात आमच्या चार पिढ्या राहिल्या, तिथे कोण मोजायला आलं होतं? पटत नसेल तर भांडा.

खडूस_काका: भांडतो कशाला, धंदाच आहे. सरकारी अंदाज म्हणतो, अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला 21,000 लोक फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. त्यात कधीच सिगरेट न ओढलेले किती? जेमतेम 2,900! आणि हा हिशोब खाणकामगारांवरून काढलेला. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या किरणोत्सर्गी वाळूवर लोक राहतात, तिथल्या पाहणीत कर्करोग वाढलेला दिसला नाही.

मातीची_हवा: काका, केरळचा दाखला इथे लागत नाही. त्या पाहणीत मोजले ते वाळूतल्या थोरियममुळे येणारे गॅमा किरण. रेडॉन हा वायू आहे, श्वासातून आत जातो. इथे हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, हीटर चालू. गरम हवा वर चढते आणि घर खालून मातीतली हवा ओढतं, भिंतीच्या भेगांतून, बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाच्या खड्ड्यातून. कोकणातल्या वाऱ्याच्या घराशी याची तुलना कशी करणार?
खाणकामगारांचं म्हणाल, तर 2005 साली युरोपातल्या 13 अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, ती साध्या घरांचीच होती. हवेत दर घनमीटरला रेडॉनचे 100 बेकरेल (किरणोत्सर्गाचं माप) वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो. इथे ज्या पातळीला घरात उपाय करा म्हणतात, ती लिटरला 4 पिकोक्युरी (इथलं माप), म्हणजे घनमीटरला 148 बेकरेल.
शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली 1984 ची गोष्ट तर ठाऊक असेलच. लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पातला एक इंजिनिअर कामावर *आत शिरताना* किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राचा अलार्म वाजवायचा. प्रकल्प अजून सुरूही झाला नव्हता! त्याच्या घरात 2,700 पिकोक्युरीच्या आसपास निघालं. तोच खडकांचा पट्टा तुमच्या काउंटीतून जातो.

पाइपवाली: आमच्याकडे 11 पिकोक्युरी आलं होतं. तळाच्या काँक्रीटला भोक पाडून पीव्हीसी पाइप छपरापर्यंत नेला, वर मातीतली हवा बाहेर ओढणारा पंखा. पाइपवर यू आकाराची नळी असते, तिच्यात लाल द्रव. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की समजायचं, पंखा बंद पडलाय. माझी लेक येता-जाता बघते. आता 1.2 येतं. खर्च घर विकणाऱ्याने दिला, म्हणून सांगते, सही करण्याआधीच मोजा.

खडूस_काका: आणि विकणाऱ्याने चाचणीच्या त्या दोन दिवसांत खिडक्या उघड्या ठेवल्या तर?

मातीची_हवा: ही शंका रास्त आहे. म्हणून राहायला गेल्यावर तीन महिन्यांचं किट लावायचं. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

जांभ्याचा_माणूस: भरले दीडशे. आकडा बुधवारी कळेल. काका, तुमच्या घरात किती आहे?

खडूस_काका: मोजलं नाही. बेसमेंट आम्ही वापरतच नाही. तिथे फक्त माझं ऑफिस आहे.