ग्रीसच्या काटकसरीने नेमकं कोण वाचलं?

घाटमाथा: २०१० ते २०१८ या काळात कर्जाच्या बदल्यात ग्रीसवर लादलेली काटकसर, म्हणजे सरकारी खर्चाची कपात, हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१२ मध्ये किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी. पेन्शनला पुन्हापुन्हा कात्री लागली. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसली. आणि सरकारी कर्ज? ते जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या, १३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १८० च्या घरात पोचलं. उत्पन्नच आटलं तर कर्जाचा बोजा हलका कसा होणार?

दप्तरदार: सुरुवात २०१० पासून का करता? २००९ ची सरकारी तूट जीडीपीच्या १५ टक्क्यांवर होती आणि आधी ती कितीतरी कमी दाखवली होती. नव्या पंतप्रधान पापांद्रेऊ यांच्या सरकारने खरा आकडा सांगितल्यावर बाजाराने कर्ज देणं थांबवलं. त्रोइका, म्हणजे युरोपीय आयोग, युरोपियन सेंट्रल बँक आणि आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी), यांच्या देखरेखीखाली युरो-देशांनी आणि आयएमएफने ११० अब्ज युरो देऊ केले नसते तर पेन्शन कापायलाही उरलं नसतं. शिवाय करबुडवेगिरी बघा. अथेन्सच्या उत्तर उपनगरांत ३२४ जणांनी घरी पोहण्याचा तलाव असल्याचं कळवलं होतं. उपग्रहचित्रांत जवळपास १७ हजार सापडले.

घाटमाथा: मग तलाववाल्यांकडून वसूल करा ना! त्यांना गाठायला वेळ लागतो, पेन्शनरचे पैसे एका सहीने कापता येतात. त्या ११० अब्जांतला मोठा भाग जुन्या देण्यांतच गेला, आणि ग्रीसचे ते जुने कर्जरोखे घेऊन बसलेल्यांत फ्रेंच आणि जर्मन बँका होत्या. खासगी रोखेधारकांना तोटा सोसायला लावला तो थेट २०१२ मध्ये. तोवर बऱ्याच जणांनी अंग काढून घेतलं होतं. कर्जाचा काही भाग पहिल्याच वर्षी माफ व्हायला हवा होता, माझा सगळा राग त्या उशिरावर आहे. आयएमएफच्याच अर्थतज्ज्ञ ब्लँशार्ड आणि ली यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की खर्चकपातीने वाढ किती खाली येईल याचा अंदाज कमी धरला गेला होता.

सह्यवारा: १९९१ मध्ये आपणही सोनं गहाण टाकलं, आयएमएफच्या अटी मानल्या. पण जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन करता आलं, निर्यातीला वाव मिळाला. ग्रीसकडे स्वतःचं चलनच नव्हतं. राहिला एकच मार्ग, माल स्वस्त करायला मजुरी पाडायची.

दप्तरदार: आयर्लंड आणि पोर्तुगालकडेही युरोच होता. आयर्लंड २०१३ मध्ये, पोर्तुगाल २०१४ मध्ये अशाच मदतकर्जाच्या कार्यक्रमातून बाहेर पडले. ग्रीसने सुधारणा रखडवल्या.

घाटमाथा: आयर्लंडकडे औषधं आणि संगणक कंपन्यांची अफाट निर्यात होती, ग्रीसची भिस्त पर्यटन आणि जहाजांवर. आणि लोकांचं काय? ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्क्यांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात त्याच सरकारला आणखी कडक अटींवर तिसरं कर्ज मान्य करावं लागलं. बँकांतून दिवसाला ६० युरोच काढता येत होते, अशा वेळी केलेल्या कराराला मी संमती म्हणणार नाही.