फ्रेम रिले जाऊन एमपीएलएस येतंय, आत नेमकं बदलतं काय?

नेटवर्क_शिकाऊ:
मंडळी, जरा बेसिकच विचारतोय. हेड ऑफिस धरून आमच्या २० साइट्स आहेत, सगळ्या फ्रेम रिलेवर (साइट्स जोडायची जुनी सेवा), हेड ऑफिसहून प्रत्येक ब्रांचला एक पीव्हीसी, म्हणजे दोन टोकांमधला कायमचा ठरलेला मार्ग. आता प्रोव्हायडर म्हणतोय हे बंद करतोय, एमपीएलएसवर या, म्हणजे पॅकेटवर लेबल लावून ते पोचवणारं नेटवर्क. सेल्सवाल्यांनी एक ढग काढला आणि सगळे सगळ्यांना जोडले जातील म्हणाले, बस्स. पीव्हीसी म्हटलं की कुठून कुठे जातं ते कळतं, इथे काहीच डोळ्यासमोर येत नाही. लेबल म्हणजे डीएलसीआयचाच (फ्रेम रिलेत पीव्हीसी ओळखायचा नंबर) नवा अवतार का? आणि दुसऱ्या कस्टमरचेही ॲड्रेस आमच्यासारखेच दहाच्या रेंजमधले असले तर?

पॅकेट_पारखी:
डीएलसीआयशी नातं आहेच, दोन्ही नंबर त्या लिंकपुरतेच असतात, पुढे बदलत जातात. पण डीएलसीआय तुझ्या राऊटरवर दिसायचा, लेबल तुला दिसणार नाही. तुझा राऊटर म्हणजे सीई, तो साधं आयपी पॅकेट पाठवतो. प्रोव्हायडरचा पीई, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या काठावरचा राऊटर, बघतो हे कुठल्या इंटरफेसवर आलं, तो इंटरफेस तुमच्या व्हीआरएफला बांधलेला असतो, म्हणजे खास तुमचं वेगळं राउटिंग टेबल, त्यात डेस्टिनेशन सापडलं की पॅकेटवर दोन लेबलं चढतात. बाहेरचं त्या टोकाच्या पीईपर्यंत न्यायला, आतलं तिथे पोचल्यावर माल कुठल्या कस्टमरचा ते कळायला. मधले पी राऊटर फक्त बाहेरचं लेबल वाचून बदलतात, तुमचा आयपी ॲड्रेस उघडून बघतच नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचे तेच ॲड्रेस असले तरी काही अडत नाही. पीई एकमेकांना बीजीपीने (राऊटरांनी राऊट कळवायचा प्रोटोकॉल) राऊट सांगतात तेव्हाही प्रत्येक राऊटच्या पुढे ८ बाइटचा राऊट डिस्टिंग्विशर लावतात, म्हणून तिथेही गल्लत नाही. लेबल स्वतः ३२ बिटांचं, २० नंबरला, ३ क्यूओएसला (कुठल्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते), १ बिट हे स्टॅकमधलं शेवटचं का ते सांगायला, उरलेले ८ टीटीएल (किती टप्प्यांनंतर पॅकेट टाकून द्यायचं ते).

वॅन_वाला:
वरचं बरोबर, पण कस्टमर म्हणून तुझ्यासाठी खरा बदल राउटिंगचा आहे. २० साइट्सना फुल मेश करायचं, म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीशी थेट जोडायचं, तर फ्रेम रिलेवर १९० पीव्हीसी लागले असते, म्हणूनच सगळे हब अँड स्पोकवर भागवायचे, म्हणजे सगळं हेड ऑफिसमधूनच. इथे प्रत्येक साइटचं एकच कनेक्शन, पण ब्रांच राऊटरचा शेजारी आता हेड ऑफिस नाही, पीई आहे. त्याच्याशी बीजीपी बोलायचं की स्टॅटिक (हाताने लिहिलेले) राऊट द्यायचे हे आधी ठरव, कारण प्रोव्हायडरला जो राऊट माहीत नाही तो बाकीच्या ब्रांचेसनाही माहीत नाही.

दुसरं म्हणजे बँडविड्थ. आधी पीव्हीसीगणिक सीआयआर, म्हणजे हमीची बँडविड्थ, होता, कोण कुणाला किती पाठवणार ते बांधलेलं होतं. आता कुठलीही ब्रांच कुठेही पाठवू शकते, चार जणांनी एकाच साइटवर एकदम मारा केला तर गर्दी होते ती पीईपासून त्या साइटकडे येणाऱ्या लिंकवर, आणि ती क्यू प्रोव्हायडरच्या हातात. व्हॉइस असेल तर त्या बाजूला क्यूओएसचे किती क्लास मिळतात ते लेखी घे, नुसतं आपल्या राऊटरवर लावून भागत नाही.

नेटवर्क_शिकाऊ:
आत्ता उजेड पडला, दोघांनाही मनापासून धन्यवाद. मग हेड ऑफिसची लिंक पडली तरी ब्रांच टू ब्रांच चालू राहील ना? आणि डेटा एन्क्रिप्ट होतो का?

वॅन_वाला:
चालू राहील, फक्त इंटरनेट किंवा सर्व्हर हेड ऑफिसमध्ये असतील तर ते जाणार. एन्क्रिप्शन अजिबात नाही, लेबलं ट्रॅफिक वेगळं ठेवतात, लपवत नाहीत, हवं असेल तर वरून आयपीसेक चढव.

पॅकेट_पारखी:
त्याला जोडूनच एक, हे खरंच बघून घे. आत्ता ब्रांच टू ब्रांच ट्रॅफिक हेड ऑफिसच्या फायरवॉलमधून जात असेल तर एमपीएलएसवर ते थेट जाईल, फायरवॉलला पत्ताही लागणार नाही. तपासणी हवीच असेल तर प्रोव्हायडरला राऊट टार्गेट (कुठले राऊट कुठल्या साइटच्या टेबलात जायचे ते ठरवणारे टॅग) हब अँड स्पोकसारखे लावायला सांग, ते होतं, पण ऑर्डर देतानाच सांगितलेलं बरं.