अनुभव धागा: घरी ग्रिल केलेला हॉटडॉग तुम्हाला कशाने जमला?

मंडळी, पाकिटातलं हॉटडॉगचं सॉसेज बहुतेक वेळा आधीच शिजलेलं असतं. आपण ते फक्त आतपर्यंत गरम करायचं आणि वरून खरपूस करायचं. एवढी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला दोन उन्हाळे गेले. तोवर मी थेट लालभडक निखाऱ्यांवर सॉसेज ठेवायचे. दोन मिनिटांत साल फाटायची, चरबी ठिबकून भडका उडायचा आणि बाहेरून काळं, मधोमध गार असं ताटात यायचं. आता सगळे निखारे एका बाजूला सारते. सॉसेज आधी रिकाम्या बाजूला, वर झाकण, सात-आठ मिनिटं. टम्म फुगलं, अंगावर बारीक घाम आल्यासारखा दिसला, की निखाऱ्यांवर घेऊन चिमट्याने फिरवत मिनिट-दीड मिनिट. काट्याने टोचत नाही, रस जातो. तुमचं कसं जमलं? बिघडलेलंही लिहा.

*

माझं गाडं चिरण्याने मार्गी लागलं. सॉसेजमध्ये लांब काडी आरपार घालायची, सुरी तिरकी धरून काडीला टेकेपर्यंत दाबायची आणि सॉसेज गोल फिरवत न्यायचं. काडी काढून दोन्ही टोकं हलके ओढली की स्प्रिंगसारखं मोकळं होतं. प्रत्येक कड खरपूस होते, वाफेला वाट मिळते, आणि मोहरीचा सॉस नि कांदा खाचांत बसून राहतो.

*

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. मेंढीच्या आतड्याचं नैसर्गिक आवरण असलेलं सॉसेज कृपया चिरू नका. दाताखाली साल कट्‌कन तुटते, त्यातच सगळी मजा आहे. बिनसालीचं असेल तर खुशाल चिरा. त्याचं सेल्युलोजचं आवरण शिजवून झाल्यावर कारखान्यातच सोलतात, त्यामुळे ते तसंही मऊच लागतं. पाकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

*

माझ्याकडे ग्रिल नाही, खाचांचा बिडाचा तवा आहे. अर्धी वाटी पाणी घालून सॉसेज मंद आचेवर ठेवते. पाणी आटलं की चमचाभर लोणी, आच मोठी, आणि सतत फिरवणं. धुराचा वास येत नाही, पण फुटलेलं मात्र एकही नाही.

*

बन विसरू नका! आतून लोण्याचा हात, जाळीवर उपडे, अर्धं मिनिट. तेवढ्या वेळात दुसरं काही करायला जाऊ नका.

*

माझा अनुभव चवीचा नाही, पण इथे लिहायलाच हवा. मुलगा तीन वर्षांचा असताना मी त्याला सॉसेजच्या गोल चकत्या करून दिल्या. एक घशात अडकली. आवाजच बंद झाला, ओठ निळसर पडले. बहिणीने त्याला पुढे वाकवून पाठीत जोरात थापा मारल्या तेव्हा ती निघाली. नंतर वाचलं की अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली याच धोक्यामुळे हॉटडॉगचा आकार बदलण्याची सूचना केली होती. गोल, लवचीक तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. चार वर्षांखालच्या मुलांसाठी आधी उभे चार भाग करा आणि मग त्यांचे अगदी बारीक तुकडे. चकत्या नकोतच.

*

शाकाहारी सॉसेज करणाऱ्यांसाठी: त्यात चरबी कमी, म्हणून जाळीला चिकटतं. जाळी आधी चांगली तापवा आणि तेल सॉसेजलाच चोळा.

*

पहिल्या गरोदरपणात डॉक्टरांनी बजावलं होतं, सॉसेज वाफाळेपर्यंत गरम केल्याशिवाय खायचं नाही. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो. तेव्हापासून थर्मामीटर टोकाकडून मधोमध खुपसून 74 अंश सेल्सिअस बघते. त्या एकाच छिद्राने रस फारसा जात नाही.

*

धागाकर्ती: काल बिनसालीच्या सॉसेजला काडी लावून पाहिली. पहिलं मधोमध तुटलं, सुरी फार उभी धरली होती. दुसरं छान उलगडलं. भाचीसाठी मात्र उभे चार भाग करून बारीक चिरलं.