शब्दचर्चा: 'डेड रिंगर्स'ला मराठीत काय म्हणाल? हुबेहूब, तोतया की जावळे?

प्रश्न: दिग्दर्शक क्रोननबर्गचा 1988 चा 'डेड रिंगर्स' हा सिनेमा परत पाहिला. टोरांटोतले बेव्हर्ली आणि एलियट मँटल, जुळे भाऊ, दोघंही बायकांचे डॉक्टर, दवाखाना एक, घर एक, आणि एलियट ज्या बाईला पटवतो तिच्याकडे नंतर बुजरा बेव्हर्ली एलियट म्हणूनच जातो. या नावाला मराठी शब्द शोधतोय. 'हुबेहूब' चालेल का? आणि शाळेच्या पुस्तकातलं 'एकयुग्मजी' (एकाच फलित बीजांडातून झालेले) सोडून अशा जुळ्यांना बोलीभाषेत काही आहे का?

प्रतिसाद: हुबेहूब नको. तो चित्राला, नकलेला शोभतो, कौतुकाचा शब्द आहे तो. रिंगर हा घोड्यांच्या शर्यतीतला शब्द, एका घोड्याच्या नावावर त्याच्यासारखा दिसणारा दुसराच घोडा पळवायचा, म्हणजे लबाडी आलीच त्यात, आणि डेड म्हणजे इथे पुरेपूर, अगदी. मग आपल्याकडे तोतया आहे की, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा उभा राहिला तसा. क्लेअर नावाच्या नटीला हे दोघं असंच फसवतात. एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा हे आपण नुसतं बोलतो, हे लोक ते खरोखर करतात.

प्रतिसाद: तोतया मला अर्धाच पटतो. तोतया म्हटलं की कुठेतरी अस्सल असावा लागतो, इथे अस्सल कोण? एलियट बोलका, समारंभात मिरवणारा, बेव्हर्ली संशोधन करणारा, आणि दोघांना मिळून एक माणूस होतो, म्हणून तर बेव्हर्ली क्लेअरमध्ये गुंतल्यावर सगळं कोसळतं. जेरेमी आयर्न्सने दोन्ही भूमिका अशा केल्यात की कपडे, केस सारखे असूनही थोड्या वेळाने नुसत्या उभं राहण्यावरून कळतं हा कोण ते, पण शेवटी दोघं गोळ्यांच्या आहारी जातात तेव्हा तेही कळेनासं होतं आणि खरी भीती मला तिथे वाटली. लाल गाऊन घातलेल्या डॉक्टरांचं ऑपरेशन थिएटर आणि ती विचित्र हत्यारं सगळ्यांना आठवतात, मला मात्र बेव्हर्लीचं स्वप्न विसरता येत नाही. क्लेअर शेजारी, एलियट तिथेच, दोघा भावांच्या पोटांना जोडणारा मांसाचा पट्टा, आणि ती वाकून तो दातांनी तोडायला लागते. नाळ म्हणावं तर नाळ आईशी असते आणि जन्मल्यावर कापतात, ही भावाभावांमधली आणि कापायची राहून गेलेली.

म्हणून माझं मत 'जावळे'. संस्कृत यमल वरून आलाय. आमच्याकडे जोडलेल्या केळ्याला जावळं केळं म्हणतात आणि गरोदर बाईला ते देत नाहीत, जुळं होईल म्हणून. शब्दातच चिकटलेपण आहे, जुळे मध्ये ते आता जाणवत नाही.

प्रतिसाद: पण जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस ना? जावळ काढतात ते. लोकांचा घोटाळा होईल.

प्रतिसाद: ते जावळ वेगळं, नपुंसकलिंगी नाम, हे विशेषण. 'जावळे भाऊ' म्हटलं की घोटाळा उरत नाही. आणि एकसारखे की वेगळे दिसणारे हा भेद बोलीत कुणी शब्दाने करत नाही, 'दोघं अगदी एकसारखे' असं वर जोडून सांगतात.

प्रतिसाद: सयामी जुळे नको वापरायला, ते शरीराने जोडलेल्यांसाठी. सयाममध्ये, म्हणजे आताच्या थायलंडमध्ये, 1811 साली जन्मलेल्या चँग आणि एंग वरून ते आलं, पुढे दोघं अमेरिकेत स्थायिक झाले, दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, 1874 मध्ये आधी चँग गेला आणि काही तासांत एंग. सिनेमातही त्यांचा किस्सा आहे आणि तो उगीच नाही घातलेला. सिनेमामागची घटनाही तशीच, न्यूयॉर्कचे स्टुअर्ट आणि सिरिल मार्कस, जुळे, दोघंही स्त्रीरोगतज्ज्ञ, 1975 मध्ये एकाच फ्लॅटमध्ये मृत सापडले. हे वाचल्यावर मीही जावळेच्या बाजूने. फक्त रूपं नीट सांगा कुणीतरी, याच नावाच्या 2023 च्या मालिकेत रेचल वाइझने केलेल्या दोघी बहिणी आहेत, त्यांना काय?

प्रतिसाद: जावळा भाऊ, जावळे भाऊ, जावळी बहीण, जावळ्या बहिणी, जावळी मुलं. मालिकेला 'जावळ्या'.