ऑफिसचं टॅली घरून चालवायला राऊटरवर पोर्ट उघडायचा का? माझं मत: अजिबात नको

जमाखर्च: आमचं सीए ऑफिस, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची घाई असते तेव्हा आर्टिकलची (सीएचं ट्रेनिंग घेणारी) पोरं रात्री घरून आपापल्या ऑफिसच्या पीसीवर रिमोटने बसतात. यंदा हार्डवेअरवाले म्हणतायत स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करून देतो (म्हणजे बाहेरून थेट ऑफिसच्या पीसीपर्यंत दार), विंडोज रिमोटचा नेहमीचा ३३८९ न ठेवता तीन पीसींना ३३९०, ३३९१, ३३९२ देतो म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही. मला हे मुळीच पटत नाही. बॉट (उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम) सगळेच पोर्ट चाळतात आणि पलीकडे आरडीपी (विंडोजचा रिमोट डेस्कटॉप) बोलतोय हे त्यांना पहिल्या उत्तरातच कळतं. ज्यांचं असं उघडं आहे त्यांनी आत्ता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉगला ४६२५ चा (फेल लॉगिनचा नंबर) फिल्टर लावून बघा. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, टॅली, युजर१ असल्या नावांनी फेल लॉगिनची रांग दिसेल, तुम्ही झोपलेले असतानाच्या वेळेसकट. त्या पीसीवर दुसऱ्यांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळ्यांचे रिटर्न आहेत हो, आपले एकट्याचे नाहीत.

केबलवाला: मी हेच काम करतो, म्हणून सांगतो, उगाच घाबरवू नका. लांब पासवर्ड, एनएलए (स्क्रीन दिसायच्या आधीच पासवर्ड मागणं) चालू, अकाउंट लॉकआउट लावलेलं, एवढं केलं की ते फेल लॉगिन फेलच राहतात. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नव्या इन्स्टॉलला १० चुकीच्या पासवर्डनंतर १० मिनिटं लॉक आपोआप असतो. आणि व्हीपीएन (पोर्ट न उघडता ऑफिसशी जोडणारं खाजगी नेटवर्क) बसवला की कनेक्ट होत नाही म्हणून रात्री साडेअकराला फोन मलाच येतात.

जमाखर्च: लॉकआउटचं म्हणाल तर बॉटने तेच युजरनेम धरलं की आपलंच पोरगं बाहेर राहतं, तेही ३० तारखेच्या रात्री. आणि पासवर्ड कितीही लांब ठेवा, मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं आरडीपीचं भोक निघालं त्याला पासवर्ड लागतच नव्हता, मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला होता.

केबलवाला: ब्लूकीप विंडोज १० ला नव्हताच, जुन्या विंडोजचं होतं ते.

जमाखर्च: बरोबर, पण त्याच ऑगस्टात आरडीपीचीच दुसरी भोकं निघाली त्यात १० पण होतं. पॅच येतो आणि आपण तो टाकतो याच्या मधले दिवस असतात ना, त्या दिवसांत पोर्ट उघडा नको एवढंच म्हणतोय.

मधलीसुट्टी: एवढं कशाला, एनीडेस्क (कोड टाकून लांबचा पीसी चालवायचं ॲप) टाका आणि मोकळे व्हा, राऊटरला हातच लावायला नको.

शून्यबाकी: एनीडेस्कचं फुकट व्हर्जन ऑफिसकामाला नाही, लायसन्स घ्यावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की आमच्या प्रॉडक्शन सिस्टिममध्ये घुसखोरी झाली, ॲपच्या सहीचं सर्टिफिकेट बदलावं लागलं. माझी खरी भीती वेगळीच आहे. रिसेप्शनला कुणी बँकेतून बोलतोय म्हणून फोन करून कोड मागितला तर? रिझर्व्ह बँकेने २०१९ लाच बँकांना यावरून सावध केलं होतं. वापरायचंच तर अनअटेंडेड पासवर्ड (पीसीसमोर कुणी नसताना आत यायचा) वेगळा ठेवा, टू-फॅक्टर लावा आणि ॲक्सेस लिस्टमध्ये फक्त त्या पोरांचे आयडी टाका, बाकी कुणाची रिक्वेस्ट दिसायलाच नको.

जमाखर्च: माझ्या डोक्यात टेलस्केल आहे, आपल्याच मशीनांना आपसात जोडणारा व्हीपीएन. ऑफिसचे तीन पीसी आणि पोरांचे लॅपटॉप, दोन्हीकडे इन्स्टॉल करायचं, प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा आयपी मिळतो, त्यावर नेहमीचा आरडीपी. स्टॅटिक आयपी नको, पोरगं जिओच्या हॉटस्पॉटवर असलं तरी चालतं. मग विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या रूलला स्कोपमध्ये १००.६४.०.०/१० (म्हणजे टेलस्केलचेच आयपी) एवढंच टाकायचं.

केबलवाला: आणि त्याचं लॉगिन कशाने? सरांच्या जीमेलने. तो पासवर्ड अर्ध्या ऑफिसला पाठ असतो, ओटीपीसाठी सगळ्यांना त्यांचाच नंबर. जीमेल गेला की तुमचं आख्खं नेटवर्क गेलं, माझा पोर्ट तरी एका पीसीपुरता आहे.

जमाखर्च: हा मुद्दा मान्य. म्हणून प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आणि डिव्हाइस अप्रूव्हल चालू, नवीन लॅपटॉपला मी हो म्हणेपर्यंत आत येता येणार नाही. पण एका पीसीपुरता हे मात्र नाही पटत, टॅलीचा डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये असतो, एक पीसी हातात आला की रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिथूनच तो एन्क्रिप्ट करतं, आणि बॅकअपची हार्डडिस्क बहुतेक ऑफिसांत त्याच मशीनला चोवीस तास लावलेली असते.

शून्यबाकी: हार्डडिस्क संध्याकाळी काढून कपाटात. कुणी काहीही वापरा, हे आजपासून करा.

केबलवाला: बॅकअपचं शंभर टक्के. टेलस्केल एका क्लायंटकडे लावून बघतो, पण रात्रीचे फोन वाढले तर इथेच येऊन सांगणार.