मदत हवी आहे: लॉरा आरएसचा क्लच स्लिप होतोय. फ्लायव्हीलही बदलू का? आणि नवा क्लच घोडबंदरच्या रहदारीत रुळवायचा कसा?

धागाकर्ता: पातलीपाडा_एक्सप्रेस

मंडळी, जरा घाईत मदत हवी आहे. शनिवारी गाडी गॅरेजला टाकायची आहे आणि तीन माणसांनी तीन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत.

गाडी स्कोडा लॉरा आरएस, २०१२ ची, एमएच ०४ पासिंग. १.८ टीएसआय पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीच्या आकड्यांत १६० पीएस आणि २५० एनएम. मी दुसरा मालक. पहिल्या मालकाने रीमॅप (इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेतलेला आहे आणि ट्यूनरच्या कागदावर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३२० एनएमच्या आसपास लिहिलाय. क्लच बहुधा मूळचाच आहे. राहतो घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला. रोज कुठे कुठे अडकतो हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

लक्षण असं की पाचव्या-सहाव्या गिअरला, २००० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की टॅकोमीटरचा काटा टुणकन वर जातो आणि वेग मात्र नंतर सावकाश वाढतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला काहीही जाणवत नाही. रहदारीत गाडी अगदी गरीब गाय. पनवेलला जाताना मुंब्रा बायपासच्या चढावर जोर दिला तेव्हा जळका वासही आला.

वागळे इस्टेटमधला मेकॅनिक म्हणतो, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग बदलू आणि फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक, ज्याच्यावर क्लचप्लेट घासते) लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून देऊ. तुर्भे एमआयडीसीतला म्हणतो, ड्युअल मास फ्लायव्हीलला लेथ लावायची नसते, पूर्ण बदला. या दोन कोटेशनमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक आहे. ऑफिसमधल्या मित्राचं मत, सिंगल मास, म्हणजे एकसंध फ्लायव्हील टाक आणि मोकळा हो.

दुसरा प्रश्न रनिंगचा, म्हणजे नवा क्लच रुळवण्याचा. नवा क्लच पहिले ८०० किमी जपून चालवा असं सगळीकडे वाचतोय. दिवाळीला कोल्हापूरला जायचंय. जाऊन-येऊन साडेसातशेच्या वर होतात. क्लच टाकून थेट कोल्हापूर गाठलं की रनिंग आपोआप पूर्ण, हा माझा हिशेब बरोबर आहे का? बायको म्हणते, तुझा हिशेब नेहमीच पेट्रोल पंपापर्यंत बरोबर असतो.

प्रतिसाद: वंगण

लक्षणं क्लचचीच आहेत. वरच्या गिअरला दिसतात त्याचं कारण सोपं आहे. तुमच्या इंजिनचा पूर्ण टॉर्क कंपनीच्या मॅपवरसुद्धा १५०० आरपीएमपासून येतो. खालच्या गिअरला इंजिन त्या पट्ट्यातून झटक्यात निघून जातं. सहाव्याला तिथेच रेंगाळतं आणि तो सगळा भार क्लचवर पडत राहतो. जुने लोक 'पेडल वर पकडतंय का' असं विचारतात. मारुती ८०० च्या केबल क्लचला ते ठीक होतं. हायड्रॉलिक क्लच झिजेचा बराचसा हिशेब आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे पेडलवरून निदान करू नका. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरला क्लच सोडून बघायचा प्रकारही नको. आहे तो क्लच उगाच जळतो.

आता फ्लायव्हील. ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या, मध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा आणि ग्रीस. इंजिनचे झटके स्प्रिंगा खातात, गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. क्लच अतिशय तापला की ती उष्णता फ्लायव्हीलमध्ये जाते आणि ग्रीस खराब होतं. लेथने वरचा ओरखडा जाईल, पण आतल्या स्प्रिंगांचं लेथ काय करणार? शिवाय ज्या चकतीवर प्लेट घासते ती मुळात जाड नसते. त्यामुळे वागळेवाल्याचा हा उपाय मी तरी घेणार नाही.

पण तुर्भेवाल्याचंही डोळे झाकून ऐकू नका. फ्लायव्हील गेलंय की नाही हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नाही. उतरवल्यावर तिथे हजर राहा. बाहेरची चकती हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघायची: थोडा खेळ असतोच, पण तो कंपनीच्या मर्यादेत आहे का ते मोजून घ्यायचं. मग चकती पुढे-मागे डुलते का ते बघा. ग्रीस बाहेर आलंय का, निळे डाग किंवा बारीक भेगा आहेत का, तेही बघा. यातलं काही सापडलं तर बदला, नाहीतर राहू द्या. सुटा भाग किती दिवसांत मिळेल हे मात्र शनिवारच्या आधी विचारून ठेवा. गाडी लिफ्टवर उघडी पडली की प्रत्येक दुकानदाराला ते कळतं.

प्रतिसाद: जाऊ_द्या_ना

पेट्रोल गाडी, २०१२ ची. पंधरा वर्षं होत आली म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. त्यात रीमॅप. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल काय आहे ते वाचा. एवढा खर्च करण्यापेक्षा विकून ऑटोमॅटिक घ्या आणि घोडबंदरला डाव्या पायाला सुट्टी द्या.

प्रतिसाद: पातलीपाडा_एक्सप्रेस

@जाऊ_द्या_ना, हिशेबाने तुमचंच बरोबर असेल. पण सहा गिअरची आरएस विकून रहदारीसाठी गाडी घ्यायची तर टीएमटीची बस काय वाईट आहे?

@वंगण, खूप आभार. सिंगल मासबद्दलही सांगा ना. आणि ३२० एनएमला कंपनीचाच क्लच परत टाकू की स्पोर्ट्स?

प्रतिसाद: वंगण

सिंगल मासने गाडी चालते, प्रश्न आवाजाचा आहे. न्यूट्रलला, एसी चालू असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते आणि क्लच दाबला की बंद होते. कापूरबावडीच्या सिग्नलला रोज ती ऐकायची तयारी असेल तर टाका. फ्लायव्हील हलकं निवडलं तर पहिल्या गिअरला उचलताना इंजिन बंद पडणंही वाढतं. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत मी टाकणार नाही.

क्लच निवडताना पॉवर विसरा, टॉर्क बघा. तो किती पेलणार हे प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं) घर्षण, प्लेटचा सरासरी व्यास आणि घासणाऱ्या बाजू यांवर ठरतं. एका प्लेटला बाजू दोनच आणि व्यास बेलहाउसिंगने (क्लचभोवतीच्या आवरणाने) बांधलेला. म्हणजे तुमच्या हातात दाब आणि लायनिंग. कंपनीच्या क्लचला २५० च्या वर थोडी जागा ठेवलेली असते, पण मूळ क्लच ३२० ला शरण आलाय हे तुम्ही बघताच आहात. जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि साधी ऑरगॅनिक प्लेट घ्या. सिंटर्डच्या (धातूची पूड दाबून केलेल्या) चकत्यांची प्लेट घेऊ नका, ती एकतर पकडते नाहीतर सोडते, मधलं काही नाही. घोडबंदरला तिने तुमची मान आखडेल.

जास्त दाबाचा एक तोटा लक्षात ठेवा. पेडल दाबून धरलं की तो सगळा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसायची सवय असेल तर ती सोडा. न्यूट्रल करा आणि पाय काढा.

प्रतिसाद: सेक्टर_सतरा

मी वाशीचा, माझ्या टर्बो पेट्रोल गाडीत हे सगळं करून झालंय. कोल्हापूरचा हिशेब चुकतोय. हायवेला सहावा गिअर पडला की क्लच लॉक होतो, त्यात घासण्यासारखं काही उरत नाही. दीडशे किलोमीटर न थांबता गेलात तर मीटरवर दीडशे वाढतील, क्लच होता तिथेच. रुळायला लागतं ते सुटणं आणि पकडणं, तेही हलक्या हाताने, आणि मधे थंड व्हायला वेळ.

नव्या लायनिंगचा आणि लोखंडाचा स्पर्श आधी सगळीकडे सारखा नसतो, उंच राहिलेल्या जागांवरच पकड असते. त्या अवस्थेत पूर्ण टॉर्क दिला तर तेवढ्याच जागा भाजून निघतात, लायनिंगमधलं रेझिन वर येतं आणि पृष्ठभाग चकचकीत, कडक होतो. याला ग्लेझ होणं म्हणतात. ग्लेझ झालेला क्लच नवा असूनही स्लिप होतो, आणि मग मेकॅनिक तुम्हाला आणि तुम्ही मेकॅनिकला दोष देत बसता. ऑरगॅनिकला शहरातले ८०० किमी पुरेत. केव्हलारच्या लायनिंगचा घेतला तर बराच जास्त धीर धरावा लागेल.

सगळ्यात कामाचं म्हणजे ट्यूनरला सांगून तेवढ्या काळासाठी कंपनीचा मॅप परत टाकून घ्या. उजव्या पायावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे स्वस्त. शक्य असेल तर सकाळी आमच्याकडे या. वाशी, कोपरखैरणे, नेरुळचे सेक्टरमधले रस्ते सपाट, सिग्नल थोड्या थोड्या अंतरावर, आणि लवकर आलात तर गर्दीही नाही. पाम बीच रोड नको, तिथे थांबायलाच मिळत नाही आणि तुमचा पाय शिवशिवणार.

प्रतिसाद: पोडियम_पी_थ्री

घोडबंदरचीच आहे म्हणून एक गोष्ट सांगते, जी गॅरेजवाले कधीच सांगत नाहीत. तुमच्या सोसायटीत पार्किंग कुठे आहे? आमच्याकडे पोडियमवर, तीन वळणांचा रॅम्प. पुढची एसयूव्ही मधेच थांबते, मग आपण चढावर हाफ क्लचवर लटकलेले. वर पोचल्यावर खांबाच्या मागे रिव्हर्स, परत हाफ क्लच. दिवसभराच्या रहदारीपेक्षा या दोन मिनिटांत क्लच जास्त तापतो. महिनाभर कोणाशी तरी जागा बदलून खाली गाडी लावा. ते जमलं नाही तर रॅम्प मोकळा होईपर्यंत खालीच थांबा, मागचा हॉर्न वाजवू दे.

गायमुखच्या चढालाही तेच. रांग सरकत असेल तर पुढच्याशी अंतर पडू द्या, मग एकदाच निघा आणि क्लच पूर्ण सोडा. चढावर गाडी हँडब्रेकने धरायची, क्लचने नाही. अंतर ठेवलं की रिक्षा घुसते हे मान्य, घुसू द्या.

प्रतिसाद: वंगण

ताईंचा मुद्दा लाखमोलाचा. गॅरेजला जाताना एवढं लिहून न्या. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच, जुने परत कसायचे नाहीत. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने. स्प्लाइनला (प्लेट ज्यावर बसते त्या शाफ्टच्या दात्यांना) ग्रीस नावापुरतं, जास्त लावलं तर उडून प्लेटवर बसतं. लायनिंगला उघड्या हाताने कोणी हात लावायचा नाही. इंजिनचं मागचं ऑइल सील बघून घ्या, ओलसर असेल तर आत्ताच बदला, नाहीतर त्या एका सीलसाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल. रिलीज बेअरिंगबद्दल 'जुनं चांगलंय' हे ऐकून घेऊ नका. क्लचचं ऑइल ब्रेकच्याच डबीतून येतं, त्यामुळे नवं डॉट ४ ब्रेक ऑइल भरून नीट ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढणं. गिअर ऑइलही याच वेळी.

प्रतिसाद: पातलीपाडा_एक्सप्रेस

अपडेट देतो. गाडी शेवटी तुर्भेला टाकली, कारण तो मला समोर उभं राहू द्यायला तयार होता. गिअरबॉक्स उतरल्यावर फ्लायव्हीलच्या चकतीवर निळे डाग आणि बारीक भेगा स्पष्ट दिसल्या, खेळही मर्यादेबाहेर होता. वाद घालायला जागाच उरली नाही, बदललं. मागचं सील ओलसर निघालं, तेही बदललं. जास्त दाबाची प्रेशर प्लेट, ऑरगॅनिक प्लेट, ट्यूनरकडून कंपनीचा मॅप. पार्किंगची जागा शेजारच्या काकांशी बदलली, त्यांना सोसायटीची इतकी चिंता कधी वाटली नव्हती. कोल्हापूरला महालक्ष्मी एक्सप्रेसने जातोय.

एक शंका आहे. थंड असताना पहिल्या गिअरला उचलताना किंचित थरथर जाणवते, दोन-तीन सिग्नलनंतर जाते. परत खोलायला लावू का?

प्रतिसाद: वंगण

नको. रुळेपर्यंत एवढी थरथर चालते. दिवसेंदिवस कमी होत गेली पाहिजे. गाडी गरम झाल्यावरही राहिली किंवा वाढली, तर प्लेटला ग्रीस किंवा तेल लागलंय असं समजा आणि त्याच मेकॅनिककडे न्या. रीमॅप परत टाकाल तेव्हा आधी चौथ्या गिअरला, २००० वरून, सपाट मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बघा. काटा आणि वेग बरोबरीने चढले पाहिजेत.